छावणीतला गाभण बैल

मार्चची बारा तारीख होती. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मी लसीचा डबा पुसत होते. खरं तर तो धुवायचा असतो. पण त्या वर्षी गावाला टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून ओल्या फडक्याने पुसण्यालाच आम्ही धुणं म्हणत होतो. झाकण पुसून होतंय तोवर फाटकाशी मोटारसायकल थांबली. जनावरांचे डॉक्टर मिसाळ गाडीवरून न उतरताच म्हणाले, "सिस्टर, छावणीत एक बैल गाभण हाय. येऊन बघा."

मला वाटलं, उन्हाने माणूस बहकला. ते मात्र हसत नव्हते.

झालं होतं असं. सकाळच्या फेरीत एका बाईने त्यांना अडवलं होतं. "डॉक्टरसाहेब, माझी गाय गाभण हाय. पाय सुजलेत तिचे. डोकंबी लई दुखतंय. काय करावं?"

"डोकं दुखतंय हे गाईने सांगितलं का तुला?" मिसाळांनी विचारलं.

बाईने पदर पुढे ओढला. मग त्यांनी तिच्या दावणीकडे पाहिलं. तिथे दोन बैल उभे होते. गाय नव्हतीच.

"तवा म्हनलं, ही केस आपली न्हाई," मिसाळ म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' लिहा म्हणून कळवलं आहे. वाचणारे शहरातलेही असतील, त्यांना उपकेंद्र म्हणजे दवाखाना वाटण्याची शक्यता आहे. तसं नाही. शिरूर कासार तालुक्यातलं माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी टेबल, एक कपाट आणि मी. आसपासची काही गावं आणि वस्त्या माझ्याकडे. सरकारी कागदावर माझं पद लांबलचक आहे. लोक सिस्टर म्हणतात, रागावले की नर्सबाई. लेकरांना टोचायचं, गरोदर बाया तपासायच्या, गोळ्या द्यायच्या, आणि जे आपल्याच्याने होणार नाही ते वेळेत पुढे पाठवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. सुई कशी टोचायची ते शिकवतात. पुढे पाठवायला गाडी कुठून आणायची ते कुणी शिकवत नाही.

गोळ्या देण्यातही गंमत असते. एका वस्तीवरची गयाबाई सुनेच्या नावावर रक्तवाढीच्या गोळ्या दर महिन्याला चोख घेऊन जायची. सून मात्र पांढरीफटकच. मी एकदा घरी जाऊन गयाबाईला धरलं, तर ती मलाच कौतुकाने गोठ्यात घेऊन गेली. "बगा की सिस्टर, शेळी कशी तुकतुकीत झाली! दोन पिल्लं दिली." सुनेला गोळ्यांनी मळमळायचं, शेळीला मळमळत नव्हतं, तर वाया कशाला घालवा? मी तिच्यावर ओरडले नाही. त्या दिवसापासून सुनेची गोळी मी गयाबाईच्या हातात न देता, जेवण झाल्यावर समोर घ्यायला लावली आणि शेळीला मिसाळांकडून जंताचं औषध आणून दिलं. गयाबाई माझी झाली. ही पुढे कामाला येणार आहे, म्हणून तिची ओळख करून ठेवली.

तर छावणी. दुष्काळात चारा संपला की जनावरं एका जागी आणून बांधतात, तिथे त्यांना चारा-पाणी मिळतं. आमची छावणी गावातल्या दूध संस्थेने चालवायला घेतली होती, आटलेल्या तळ्याच्या पोटात. जिथे एरवी पाणी असायचं तिथे काटक्या-बारदानाच्या खोपी पडल्या होत्या आणि प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला होता. पुरुष कामाला पुण्याकडे निघून गेलेले, म्हणून जनावरांपाशी बहुतेक बायाच. त्या तिथेच रांधायच्या, तिथेच झोपायच्या. जनावरांना डॉक्टर रोज यायचा. बायांनी मात्र आजारी पडलं तर गावात माझ्याकडे यायचं, आणि आल्या की मागे दावण उघडी. त्यामुळे त्या यायच्याच नाहीत.

मी बीपीचं मशीन पिशवीत घातलं आणि गेले.

गाभण बैलाची मालकीण सापडायला वेळ लागला नाही. मंगल तिचं नाव. वय विशीच्या जरा पुढे. पदर असा काही घेतलेला की सातवा महिना दिसू नये. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. बीपी जिथे हवं होतं त्याच्या बरंच वर. मी पिशवीतून काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा काढला. गरोदर बाईची लघवी नळीत तापवून बघायची आमची जुनी रीत आहे. ती गढुळली तर शरीरातून नको ते बाहेर जातंय असं समजायचं. मंगल एकटक बघत होती. दूध संस्थेत अशीच नळी असते. त्यात दूध उकळून बघतात आणि ते फाटलं तर अख्खा कॅन परत येतो.

"फाटलं का वो?" तिने विचारलं.

"फाटलं."

तिला बाकी काही समजवावं लागलं नाही. तरी मी सांगितलं. रक्ताचा दाब असाच चढत गेला तर झटके येतात, त्यात बाईही जाते आणि लेकरूही. बीडच्या सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला दाखवायला हवं आणि शेवटचे दिवस तिथेच राहायला हवं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "बैलाकडं कोन बघील?"

तिचा नवरा दत्तू चाकणकडे कामाला गेला होता. ही जोडी म्हणजे त्या दोघांची सगळी मिळकत. ऊसतोडीला जाताना स्वतःची बैलगाडी असलेल्या जोडप्याला ऊस तोडायचा आणि गाडीत भरून कारखान्यावर पोचवायचाही, म्हणजे कमाई जास्त. त्या वर्षी उसालाच पाणी नव्हतं, कारखाना लवकर बंद पडला आणि ही दोघं बैल घेऊन परत आली. बैल गेले असते तर पुढच्या हंगामात नुसता कोयता उरला असता.

"आणि जनावरांच्या डॉक्टरला कशाला विचारलंस? मी काय मेले होते?"

ती खाली बघून बोटाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तिकडं कारखान्यावर हुतो तवा एका दवाखान्यात गेलते. पयलं लेकरू फडातच गेलं माझं, म्हून म्हनलं या टायमाला दाखवावं. तिथली बाई म्हनली, इतके दिवस कुठं हुतीस? जनावर हाईस का? म्हून म्या म्हनलं, जनावराच्याच डॉक्टरला इचारावं."

रागावणं आमच्या खात्यात फुकट मिळतं आणि सढळ हाताने वाटलं जातं. त्याचा परिणाम असा होतो. सहा महिने गावोगाव फिरून ऊस तोडणाऱ्या बाईची कुठेच नोंद नसते, आणि नोंद का नाही म्हणून तिलाच झापतात. ती पुढच्या वेळी दारात येत नाही आणि आम्ही म्हणतो, लोकांना आरोग्याची जाण नाही.

असो. भाषण देऊन बीपी उतरत नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आता प्रश्न उरला गाडीचा. ॲम्ब्युलन्स अडल्यानडल्याला येते, दर आठवड्याच्या तपासणीला येत नाही. सकाळची एसटी बीडला पोचेपर्यंत दवाखान्यात केसपेपर बंद होत आलेले असतात आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं म्हणजे बैल दिवसभर बेवारस. भाड्याची जीप तिच्या ऐपतीत नव्हती, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मी छावणीतून परतत होते, तर दूध संस्थेचा टेम्पो धूळ उडवत शेजारून गेला. मागे कॅन एका बाजूला सरकून एकमेकांवर आपटत होते. एरवी गच्च भरून जाणारी गाडी दुष्काळामुळे निम्मी रिकामी चालली होती. सकाळी निघायची, केसपेपर सुरू व्हायच्या आधी बीडच्या शीतकरण केंद्रावर पोचायची आणि दुपारी पेंड घेऊन परत. इतकं सोयीचं वेळापत्रक मी ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

विश्वंभर अण्णा संस्थेचे चेअरमन, छावणीचेही तेच. पांढरे कपडे, कडक आवाज, आणि माणूस हिशेबाला पक्का. सकाळी दूध घालायच्या वेळी मी त्यांना गाठलं.

"अण्णा, टेम्पोत निम्मी जागा रिकामी जाते."

"दुष्काळ हाय बाई. दूध कुठून आनू?"

"दूध नका आणू. मंगळवारी एक बाई न्या बीडला, तपासणीला. आणि येताना आणा."

"दुधाची गाडी हाय ती. आज बाई म्हनता, उद्या म्हनाल वऱ्हाड न्या."

"वऱ्हाड तर गेल्या उन्हाळ्यात तुम्ही नेलंतच. मी एक बाई म्हणतेय."

दूध घालायला आलेले लोक हसले. बाकड्यावर बसलेले एक संचालक, त्यांना सगळे मामा म्हणत, त्यांना हे रुचलं नाही. "बायामानूस दुधाच्या गाडीत? इटाळ-बिटाळ आसतो. दुधाला कायतरी पाळावं लागतं."

"मामा, तुमच्या घरी धार कोण काढतं?"

"कोन म्हंजे? मंडळी काढती."

"महिन्याचे सगळे दिवस?"

मामा आपल्या वहाणेचा अंगठा नीट करू लागले. अण्णांना हसू आवरेना. "बसू द्या बाई. पर पुढं, डायवरपाशी. आन मंगळवारीच."

ड्रायव्हर जब्बारभाई. अंगाने सडपातळ, दाढी मेंदीची, जिभेला लगाम नाही. मला ते आपा म्हणायचे. "आपा, आजपोतर म्या कॅन नेले. कॅन रस्त्यात उलटी करत न्हाईत."

"ही करेल."

"मग खिडकी तिची," असं म्हणून त्यांनी सीटवर आपला टॉवेल अंथरला.

पहिल्या मंगळवारी मंगल बसली. तिचे बैल गयाबाईने सांभाळले. गयाबाईचीही गाय छावणीत, शेजारच्याच दावणीला होती. बीडला एक तरुण डॉक्टरीण होती, तिने मंगलला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "काय त्रास होतो?" एवढंच. मंगलने परत आल्यावर हे छावणीत इतक्या जणींना सांगितलं की पुढच्या मंगळवारी टेम्पोपाशी आणखी दोघी उभ्या. एकीच्या छातीत गाठ होती, ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दुसरीला मोतीबिंदू, ती म्हशीला हाताने चाचपडून चारा घालायची. जागा एकीची. मी तिघींना बसवलं. अण्णांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून ते चाऱ्याच्या ट्रककडे वळले. तेव्हा मला अंदाज आला की हा माणूस वाकतो, फक्त वाकताना कुणी बघितलेलं त्याला चालत नाही.

मंगलचं बीपी गोळ्यांनी थोपलं होतं, उतरलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, नववा लागला की भरती हो. मंगल म्हणाली, बघू. तिचं 'बघू' म्हणजे नाही. मी रोज सकाळी छावणीत जाऊन तिचा दाब बघायला लागले, आणि मशीन उघडलेलंच आहे म्हणून बाकीच्यांचाही.

एप्रिल संपता संपता एका सकाळी मी गेले तर मंगल खोपीत डोकं धरून बसली होती. "सिस्टर, डोळ्याम्होरं काजवे दिसायलेत." दाब लावला. इतका चढलेला दाब मी नोकरीत फार वेळा पाहिला नव्हता. फोनवर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांच्या सांगण्याप्रमाणे झटके रोखायचं इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत खोल दिलं. आता दवाखाना, आणि तोही लवकर. ॲम्ब्युलन्सला फोन केला; ती दुसरा पेशंट घेऊन बीडला गेलेली, परत यायला वेळ होता.

टेम्पो मात्र समोरच उभा होता, कॅन भरून. एरवी तो केव्हाच गेला असता. त्या दिवशी छावणीची सरकारी तपासणी होती आणि फाटकाला बांबू आडवा घातलेला होता.

अण्णांनी छावणीत स्वतःचा एक नियम केला होता, ज्याचं जनावर त्याचं माणूस. मोजणीच्या वेळी प्रत्येक जनावरापाशी मालक उभा पाहिजे. मध्यंतरी कुणीतरी पाहुण्याच्या म्हशी आणून बांधल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. मोजणी होईपर्यंत ना जनावर बाहेर, ना माणूस, ना गाडी. तपासणीची माणसं नुकतीच पहिल्या दावणीला पोचली होती.

"बांबू काढा," मी म्हटलं.

"बाई, मोजनी होऊ द्या. घंटाभर."

"तिच्याकडे घंटा नाही."

अण्णा जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "मालक न्हाई म्हून जनावर बोगस धरलं तर समद्या छावणीचा चारा आडकंल. हितं समद्यांची जित्राबं हायत. म्या काय करू, सांगा." आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या मागे अख्खं तळं भरून जनावरं उभी होती.

तेवढ्यात मिसाळ तपासणीवाल्यांना सोडून आमच्याकडे आले. खोपीत एक नजर टाकली आणि म्हणाले, "अण्णा, बिल्ला बैलाच्या कानात हाय, बाईच्या न्हाई. बैल मी रोज बघतो. तपासणीवाल्यांपुढं मी सांगतो कुणाचे ते."

"आन हुबी म्या राहते," गयाबाई म्हणाली. ती केव्हा आली कुणास ठाऊक. "डाव्या अंगाला माझी गाय, उजव्या अंगाला तिचे बैल. मोजा म्हनावं किती मोजायचं ते."

अण्णांनी स्वतः जाऊन बांबू उचलला.

आता जब्बारभाई अडले. "आपा, गाडी काढतो. पर दूध उन्हात तापलंय. केंद्रावर लाइन आसती, तिथं घंटा जातो. आधी दवाखाना म्हनलं तर बीड गावातून जायचं, गर्दी. दूध फाटलं तर समद्यांचं दूध परत. बाया शिव्या घालतील मला."

बाया तिथेच होत्या. त्यांचंच दूध होतं ते.  मग गयाबाई आपल्या खोपीत गेली, एक रिकामं पोतं आणि कळशी घेऊन आली आणि पोतं कॅनवर टाकून त्यावर तिने कळशी ओतली.

ते पाणी आदल्या दिवशीच्या टँकरचं, तिचं पुढच्या टँकरपर्यंतचं पिण्याचं. त्या दिवसांत आम्ही तांब्यातलं उरलेलं पाणीसुद्धा झाकून ठेवायचो. मी काही म्हणायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. जिच्या छातीत गाठ निघाली होती तीही. ज्यांच्या घरचं दूध त्या टेम्पोत नव्हतं त्याही आल्या. कुणी कळशी, कुणी तांब्या, एकीने लेकराच्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं. कॅनवर ओली पोती चढली, पोत्यांतून पाणी ठिबकायला लागलं आणि तळ्याच्या त्या कोरड्या मातीत टेम्पोखाली चिखल झाला. वर्षभरात त्या तळ्यात झालेला तो पहिला चिखल.

"आता फाटलं तर आमचं फाटलं," गयाबाई जब्बारभाईंना म्हणाली. "जावा. आन खड्डे बघून."

मंगलला आम्ही उचलून पुढे बसवलं. तिने दाराची कड धरून ठेवली. "बैलाला पानी कोन पाजील? गयामावशीचं पानी तर सरलं."

"परत आले की मी पाजीन."

"तुमी? तुमी बैलाला भेता."

ते खरं आहे. मी बीडच्या शिंप्याची मुलगी. सुईला भीत नाही, शिंगाला भिते. "भीत भीत पाजीन," मी म्हटलं, तिच्याशेजारी चढले आणि दार लावून घेतलं.

रस्त्यातलं फार सांगण्यासारखं नाही. मी तिची मनगटं धरून बसले होते, आणि जबडा आवळला तर दातांत द्यायला म्हणून जब्बारभाईंचा टॉवेल घडी घालून मांडीवर ठेवला होता. आता आमचं खातं म्हणतं तोंडात काही घालू नये. तेव्हा मला तेवढंच सुचलं. त्याची गरज पडली नाही. जब्बारभाई एरवी अखंड बोलणारे, त्या दिवशी फक्त प्रत्येक खड्ड्याला "माफ करना बेटा" म्हणत होते. टेम्पो थेट दवाखान्याच्या दारात नेऊन लावला. वॉचमन ओरडला, "ए, दूध हितं कुठं आनलं बे?" जब्बारभाई म्हणाले, "दूध न्हाई, दुधाची मालकीन आनली. स्ट्रेचर आन." स्ट्रेचर आलं. पाणी पाजणारी ती डॉक्टरीण धावतच आली. मी कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते सांगितलं, तिने मान हलवली आणि दार बंद झालं.

दारापाशी बसून राहणं हेही नोकरीतलं काम आहे, पण त्याची कुठे नोंद होत नाही.

दुपारी जब्बारभाई पेंडीची पोती भरून परत दवाखान्यापाशी आले. आल्या आल्या आम्ही दोघं एकदमच बोललो. मी विचारलं, "दूध?" त्यांनी विचारलं, "बच्ची?" आत अजून सिझेरियन चालू होतं.

"आधी तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"फाटलं न्हाई, आपा. नळीत उकळलं त्यांनी, दोनदा. एकबी कॅन फाटला न्हाई. तिथला मानूस म्हनला, पोती कुठं भिजवली, तुमच्याकडं पाऊस झाला का?"

माझं उत्तर थोड्या वेळाने मिळालं. मुलगी. वजनाला कमी, पण आवाज असा की जब्बारभाईंनी बाहेर टोपी काढून डोकं पुसलं. मंगलला शुद्ध आल्यावर मी आत गेले. तिने मुलीबद्दल विचारलं, मग लगेच, "बैल?" दत्तूला फोन लावून दिला, तो पलीकडे काय बोलला ते कळलं नाही, पण मंगल म्हणाली, "रडू नगा. या आता."

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण लोक मला अजून विचारतात. त्यानंतर टेम्पो मंगळवारचा राहिला नाही, रोजचा झाला. छातीत गाठ असलेल्या बाईचं ऑपरेशन झालं, ती आजही माझ्या वस्तीत भाकरी थापते. मोतीबिंदूवाली म्हैस चाचपडत नाही. मग पाऊस झाला, चारा उगवला, छावणी उठली, दूध वाढलं, आणि टेम्पोत कॅन पुन्हा गच्च झाले. पाऊस पडल्याचं वाईट वाटलेली त्या तालुक्यात मी एकटीच असेन. मी संस्थेच्या सभेत जाऊन उभी राहिले. काही बोलायच्या आत मामा, तेच विटाळवाले मामा, उठून म्हणाले, "पुढची सीट बायांची ऱ्हावी. ठराव लिहा." त्यांच्या मंडळींचा गुडघा त्या टेम्पोतूनच बीडला गेला होता. ती सीट अजून बायांची आहे. ड्रायव्हर बदलले, टेम्पो बदलला, टॉवेल अंथरायची रीत राहिली. चुटपुट एकाच गोष्टीची. शेजारच्या गावांतही दूध संस्था होत्या, तिथेही रिकाम्या जागा होत्या, आणि सगळीकडे पोचायला मी एकटी पुरी पडले नाही.

त्या संध्याकाळी मी एसटीने परत आले. छावणीच्या फाटकाशी अण्णा उभे होते. मोजणी नीट झाली होती, एकही जनावर कमी भरलं नव्हतं. "पोरगी?" त्यांनी विचारलं. "पोरगी. दोघी बऱ्या आहेत." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "उद्या टँकर एक खेप जादा घालंल. बायांची भांडी रिकामी झाली म्हनं." कुणी रिकामी केली, का केली, ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी छावणीत गेले. टँकरपाशी नंबर लावून बादली भरली आणि मंगलच्या बैलांपुढे ठेवली. मोठ्या बैलाने मान खाली घातली तशी मी दोन पावलं मागे सरले. गयाबाई ओरडली, "आवं, मागं काय पळता! मागनं लाथ घालतो त्यो, पुढंच ऱ्हावा!" मी पुढे झाले. बादली दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याने ती सगळी प्यायली, माझ्या पांढऱ्या साडीला नाक पुसलं, आणि मी दुसऱ्यासाठी बादली भरून आणली.

मिसाळ डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी तशीच ओल्या साडीने बाभळीखाली बसून बीपीचं मशीन उघडत होते. समोर बाया ओळीने बसल्या होत्या.

"गाभण बैल कसाय, सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"व्याला," मी म्हटलं आणि पहिल्या बाईला दंड पुढे करायला सांगितलं.